बंगाली कामगारांना खोली भाड्याने दिली आहे. परदेशी नागरिकांचा कायदा घरमालकाकडून नेमकं काय मागतो?

निपाणीच्या एका घरमालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरामागच्या दोन खोल्या त्यांनी टाइल्स बसवणाऱ्या पाच कामगारांना दिल्या आहेत. कामगार स्वतःला पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबाद जिल्ह्याचे सांगतात, प्रत्येकाकडे आधार कार्ड आहे आणि भाडं वेळेवर येतं. गल्लीतली मंडळी मात्र म्हणतात, "हे बांगलादेशी आहेत, काढा यांना, नाहीतर उद्या केस तुमच्यावरच होईल." घरमालक लिहितात की देशाच्या सुरक्षेच्या आड मला यायचं नाही, पण नुसत्या संशयावरून पोटासाठी आलेल्या माणसांचं सामान रस्त्यावर फेकायलाही मन धजत नाही. कायदा काय सांगतो आणि योग्य काय?

तुमच्या प्रश्नात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. हा माणूस स्वतःबद्दल सांगतो ते खरं आहे का, हा झाला ओळखीचा प्रश्न. तो कोणत्या देशाचा नागरिक आहे, हा दुसरा. त्याच्याकडून कोणाला धोका आहे का, हा तिसरा. ओळख तपासून तिची नोंद ठेवणं हे घरमालक म्हणून तुमचं काम आहे. नागरिकत्व ठरवणं तुमचंही काम नाही, गल्लीचंही नाही आणि खरं तर ठाण्यातल्या हवालदाराचंही नाही. धोक्याचं म्हणाल, तर चोऱ्या करणारा भाडेकरू कोल्हापूरचा असला तरी पोलिसांना कळवायचाच असतो, त्याचा पासपोर्टाशी संबंध नाही. गल्लीतले लोक पहिल्या प्रश्नाचं उत्तर नसताना दुसऱ्याचा निकाल देतात आणि त्यावरून तिसऱ्याची शिक्षा ठोठावतात.

आधी राज्यघटना काय म्हणते ते पाहू. भारतात कुठेही जाण्याचा, राहण्याचा आणि धंदा करण्याचा हक्क अनुच्छेद १९ खाली आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे. मुर्शिदाबादचा माणूस भारतीय असेल तर निपाणीत राहायचा त्याला तुमच्या-माझ्याइतकाच हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. परदेशी माणसाला हा हक्क नाही. त्याला देशाबाहेर घालवण्याचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने हान्स म्युलर या जर्मन नागरिकाच्या प्रकरणात १९५५ सालीच सांगितलं आहे. पण अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये शब्द 'नागरिक' असा नाही, 'व्यक्ती' असा आहे. कायद्यापुढे समान वागणूक आणि जीविताचं संरक्षण सीमा चोरून ओलांडून आलेल्यालाही मिळतं. अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने राज्य सरकारला हेच बजावलं होतं. म्हणजे इथे राहायचा हक्क नागरिकालाच, पण कायद्याने ठरलेल्या रीतीने वागवून घ्यायचा हक्क सगळ्यांना. सुरक्षा आणि मानवी हक्क यांची सांगड घालायची ती याच जागी.

आता सध्याचा कायदा. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू झाला. १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा परदेशी नोंदणी कायदा, १९४६ चा फॉरेनर्स ॲक्ट आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा कायदा असे चार जुने कायदे त्याने रद्द केले. पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खोटा पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला किमान दोन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय एक ते दहा लाख दंड. व्हिसा संपल्यावर राहिलेल्याला तीन वर्षांपर्यंत. अशा गुन्ह्याला मदत करणाराही शिक्षेला पात्र ठरतो. गल्लीतले लोक 'केस तुमच्यावर' म्हणतात ते यावरून. पण मदतीचा गुन्हा व्हायला तुम्हाला माहीत असावं लागतं, निदान जाणूनबुजून डोळेझाक केलेली असावी लागते. कागद पाहून, नोंद ठेवून, पोलिसांना कळवून खोली दिलेल्या घरमालकावर हा आरोप टिकणं कठीण.

या कायद्यातली सगळ्यांत वादाची तरतूद म्हणजे कलम १६. एखादा माणूस परदेशी आहे की नाही असा प्रश्न उभा राहिला, तर आपण परदेशी नाही हे सिद्ध करायचं ओझं त्याच माणसावर. १९४६ च्या जुन्या फॉरेनर्स ॲक्टच्या कलम ९ मध्येही हेच होतं. एरवी फौजदारी कायद्यात आरोप करणाऱ्याने सिद्ध करायचं असतं, इथे उलटं आहे. याला कारण नाही असं नाही. आपण कुठे जन्मलो, आईबाप कोण, कुठल्या शाळेत गेलो, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. रात्री नदी ओलांडून आलेल्याची नोंद सरकारकडे कशी असणार? आसामपुरता असलेला, बेकायदा स्थलांतरित ठरवण्यासाठीचा १९८३ चा आयएमडीटी कायदा सिद्ध करण्याचं ओझं सरकारी बाजूवर टाकत होता. २००५ मध्ये सर्बानंद सोनोवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण त्याने घुसखोर शोधणं जवळपास अशक्य झालं होतं. सुरक्षेची बाजू पोकळ नाही हे मान्य करूनच पुढे बोललं पाहिजे. आपल्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, सांबऱ्याला हवाई दलाचं ठाणं आहे. कॅम्पाच्या आसपास पोलीस जरा जास्त विचारपूस करतात, त्यात गैर काही नाही.

गैर होतं ते पुढे. ओझं उलटं आहे म्हणून वाटेल त्याला उचलून 'कर सिद्ध' म्हणता येत नाही. जुलै २०२४ मध्ये आसामातल्या एका रहिवाशाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने हे साफ सांगितलं. संशयाला आधार काय, माहिती कुठून आली, कोणत्या साहित्यावरून हा माणूस परदेशी वाटतो, हे आधी सरकारी यंत्रणेने दाखवायचं आणि त्या माणसाला द्यायचं, मगच ओझं त्याच्या खांद्यावर जातं. नावाच्या स्पेलिंगमधल्या आणि तारखांतल्या किरकोळ फरकांवरून नागरिकत्व नाकारता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. तो निकाल जुन्या कलम ९ वरचा आहे. नवं कलम १६ त्याच धाटणीचं असल्याने हा युक्तिवाद आजही तसाच मांडायचा. माझं मत विचाराल तर कलम १६ या अटीवरच नैतिकदृष्ट्या टिकतं. 'बंगालीत बोलतो' आणि 'लुंगी नेसतो' हे साहित्य नव्हे. भाषेवरून माणूस कुठला ते ठरवलं की काय होतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला निराळं समजवायला नको.

याची दुसरी बाजूही जरूर पाहा, कारण ती आपल्या अगदी दारात आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं. खानापूर, लोंढा, बेळगाव शहर इथल्या कितीतरी घरांची गोव्याशी सोयरीक आहे. स्वखुशीने परदेशी नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे भारतीय नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. मग तो माणूस ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) किंवा व्हिसाशिवाय मावशीकडे खानापुरात राहत असेल आणि जुन्या मतदार कार्डावर मत देत असेल, तर कायद्याच्या भाषेत तो बेकायदा राहणारा परदेशी आहे. त्याच्याबद्दल गल्लीत कोणी कुजबुजत नाही, कारण तो कोकणी-मराठी बोलतो आणि गणपतीला वर्गणी देतो. चेहरा आणि बोली पाहून परदेशी ओळखायची पद्धत दोन्हीकडे फसते: खरा परदेशी सुटतो आणि नागरिक अडकतो.

आता कागद. "आधार आहे म्हणजे भारतीय" हे चूक आणि "आधारला काहीच किंमत नाही" हेही चूक. आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलं आहे की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जात आधार, पॅन, मतदार कार्ड नुसतं जवळ असल्याने कोणी नागरिक होत नाही, असं म्हटलं. पण आधार ओळखीचा पुरावा आहेच, आणि पडताळणीची सुरुवात त्यावरचा पत्ता आणि नाव धरूनच होते. नागरिकत्व ठरतं ते जन्मतारखेवरून. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्म झाला असेल तर तेवढं पुरेसं. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्म असेल तर आईवडिलांपैकी एकजण तरी भारतीय हवा. ३ डिसेंबर २००४ पासून पुढे दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. तुमच्याकडचे कामगार पंचवीस-तीस वर्षांचे असतील, म्हणजे बहुतेकांना स्वतःच्या जन्माबरोबर आई किंवा बापाचाही कागद लागणार.

मुर्शिदाबाद, मालदा, बीरभूम इथून येणाऱ्या कामगाराकडे पासपोर्ट नसतो, जन्मदाखला क्वचित असतो. त्याचा पुरावा म्हणजे कागदांची साखळी: शाळेचा दाखला, वडिलांच्या नावाचा जमिनीचा खतियान, जुनं रेशन कार्ड, ग्रामपंचायतीच्या प्रधानाचा दाखला, आणि सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे पश्चिम बंगालची २००२ ची मतदारयादी. ती ऑनलाइन आहे, त्यात आईबापाचं नाव सापडलं की अर्धं काम झालं. दोन कडी जुळवताना नाव अडतं. वडील एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'सेख', तिसऱ्यावर नुसतं 'एसके'. बाईचं आडनाव लग्नाआधी 'खातून', लग्नानंतर 'बीबी'. वय कागदागणिक दोन-तीन वर्षांनी हलतं. हे पाहून ठाण्यात 'कागद बनावट' असा शेरा पडतो, पण हे फरक त्या भागातल्या खऱ्या कागदांत सर्रास असतात. उलट बनावट संच बहुधा फार स्वच्छ असतो: सगळे कागद गेल्या दोन-तीन वर्षांतले, नावं अक्षरशः सारखी आणि मागची पिढी गायब. तपास करणाऱ्याने स्पेलिंग मोजण्यापेक्षा कागद किती जुना आहे हे पाहावं. एखादं नाव वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या सरकारी नोंदीत सापडलं, तर ते मागाहून घुसडणं सोपं नसतं.

तुम्ही काय करायचं? भाडेकरार लेखी नसेल तर आधी तो करा, अकरा महिन्यांचा, पाचही जणांची नावं घालून. मुकादमाच्या एकट्याच्या नावावर खोली देऊन त्यात कोण कोण राहतं ते न पाहणं, ही आपल्याकडची नेहमीची चूक. प्रत्येकाचा फोटो घ्या, आधारची प्रत घ्या आणि कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने स्कॅन करा. छापील नाव-फोटो आणि स्कॅनमध्ये दिसणारं नाव-फोटो जुळले पाहिजेत. नुसत्या झेरॉक्सवर समाधान मानू नका, कारण झेरॉक्सवर फोटो बदलणं हा पाच मिनिटांचा खेळ आहे. गावचा पत्ता, जवळचं पोलीस ठाणं, घरच्या एका माणसाचा नंबर आणि काम देणाऱ्या ठेकेदाराचं नाव-नंबर लिहून घ्या. मग भाडेकरू-माहितीचा अर्ज ठाण्यात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी (शहरात पोलीस आयुक्तांनी) बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) भाडेकरूंची माहिती देण्याचा आदेश काढलेला असेल आणि तुम्ही ती दिली नसेल, तर बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली तुमच्यावर गुन्हा होऊ शकतो. पोच असेल तर ती भीती नाही.

भाडेकरू परदेशी आहे हे तुम्हाला माहीतच असेल, म्हणजे त्याने परदेशी पासपोर्ट दाखवला असेल, तर वेगळा नियम आहे. तो राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची. हॉटेलवाले वर्षानुवर्षं याला 'फॉर्म सी' म्हणतात, पण तो घरात खोली देणाऱ्यालाही लागू आहे. बेळगावात नेहरू नगरच्या बाजूला परदेशी विद्यार्थ्यांना खोल्या देणारे बरेच घरमालक हे विसरतात. नेपाळी गुरख्यांना किंवा कामगारांना मात्र व्हिसा लागत नाही. त्यांना खोली दिली म्हणून घाबरू नका, ओळखीची नोंद तेवढी ठेवा.

चौकशीला पोलीस आले तर सहकार्य करा, कागद दाखवा, प्रती द्या. मूळ कागद कोणी मागत असेल तर लेखी जप्ती-पंचनाम्याशिवाय कामगारांनी ते देऊ नयेत. एकदा ठाण्याच्या कपाटात गेलेलं मतदार कार्ड परत मिळेपर्यंत माणसाकडे दाखवायला काही उरत नाही. सीमाभागातल्या मराठी घरमालकांसाठी एक खास सूचना: तुमचा जबाब कानडीत लिहिला जाईल. बीएनएसएसच्या कलम १८० खाली घेतलेल्या साक्षीदाराच्या जबाबावर सही करायचीच नसते, कलम १८१ मध्ये तसं स्पष्ट आहे. तरी सही मागितली तर आधी वाचून दाखवायला लावा. 'मला हे कामगार बांगलादेशी आहेत असा संशय होता' हे वाक्य तुम्ही न बोलताच त्यात आलेलं असू शकतं. ते वाक्य उद्या कामगारांविरुद्ध 'आधार' म्हणून वापरलं जाईल आणि त्याच वाक्यावरून 'संशय होता तरी ठेवलंत' म्हणून तुम्हालाही धरतील. पंचनाम्यासारख्या सहीच्या कागदावर 'मजकूर मराठीत समजावून सांगितला' किंवा 'सांगितला नाही' असं मराठीत स्वतःच्या हाताने लिहा. साक्षीदार म्हणून बोलावताना लेखी नोटीस लागते. ६० वर्षांवरच्या पुरुषाला आणि कोणत्याही बाईला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो.

कामगारांना उचललं तर? इथे अडचण बहुधा अशी येते की अटक दाखवलीच जात नाही. 'पडताळणीसाठी बसवून ठेवलंय' असं तोंडी सांगतात, आणि अटकेचा मेमो नसल्याने २४ तासांचं घड्याळ कागदावर सुरूच होत नाही. कायद्यात अशी बिनअटकेची कोठडी नाही. अनुच्छेद २२ प्रमाणे ताब्यात घेतल्यापासून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे आणि अटकेची कारणं सांगितलीच पाहिजेत. ती कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायला हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पक्कं केलं. बंगाली कामगाराच्या हाती कानडी कागद देऊन ही अट पुरी होत नाही. रिमांडच्या वेळी वकिलाने हा मुद्दा पहिल्याच मिनिटात घ्यायला हवा. तुम्ही किंवा ठेकेदाराने एवढं करा: कोणाला, किती वाजता, कोणत्या ठाण्याने नेलं ते लिहून त्याच दिवशी जिल्हा पोलीस अधीक्षकांना ई-मेल करा. बेळगाव शहराच्या हद्दीत असेल तर पोलीस आयुक्तांना. तो ई-मेल हाच पुढे वेळेचा पुरावा होतो. कोठडीतल्या प्रत्येकाला, परदेशी असला तरी, विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

पडताळणी म्हणजे प्रत्यक्षात इथल्या पोलिसांनी मुर्शिदाबादच्या पोलिसांना पत्र पाठवायचं, तिथल्या ठाण्याचा माणूस गावात जायचा आणि अहवाल यायचा. मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांना यासाठी ३० दिवसांची मुदत दिली. मुदत असणं चांगलंच, प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळत नाही. पण मुदत संपली आणि उत्तर आलं नाही तर माणूस परदेशी ठरतो, असा अर्थ लावला की घात होतो. उशीर सरकारी टपालाचा आणि शिक्षा माणसाला. म्हणून वाट पाहत बसू नका. गावाकडच्या नातेवाइकांना कागद घेऊन तिथल्या ठाण्यात जायला सांगा. पश्चिम बंगाल सरकारचं स्थलांतरित कामगार कल्याण मंडळ आहे, त्यांनाही कळवा. इकडचा तपास अधिकारी आणि तिकडचा अधिकारी यांचं फोनवर बोलणं करून दिलं तर आठवड्याचं काम दिवसात होतं.

घाई केली की काय होतं ते २०२५ मध्ये देशाने पाहिलं. पश्चिम बंगालमधल्या एका गर्भवती बाईला दिल्लीत पकडून कुटुंबासह बांगलादेशात पाठवलं गेलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द ठरवली आणि डिसेंबरमध्ये तिला परत आणावं लागलं. पडताळणी पुरी होईपर्यंत थांबलं असतं तर सरकारचं काही बिघडलं नसतं. याच कारणासाठी 'हक्क की सुरक्षा' अशी तागडी मला पटत नाही. नीट पडताळणी केली तर खोट्या कागदाचा दलालही सापडतो आणि नागरिकही वाचतो. वरवरची केली तर दलाल सुटतो, कारण आकडा भरायला बंगाली बोलणारे गरीब पुरेसे असतात.

आणि समजा, पाचांपैकी एकजण खरोखर बांगलादेशी निघाला, तर? तर त्याने इथे राहावं असं मी म्हणणार नाही, कायदाही म्हणत नाही. त्याच्यावर खटला चालेल, शिक्षा भोगून किंवा त्याआधीही त्याला बेंगळुरूकडच्या नेलमंगलाजवळच्या सोंडेकोप्पा इथल्या परदेशी नागरिकांच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवलं जाईल आणि बांगलादेशाने आपला माणूस म्हणून ओळखल्यावर परत पाठवलं जाईल. हे वर्षानुवर्षं रेंगाळतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये आसामातल्या केंद्रांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने सरकारला झापलं ते त्यावरूनच, की परतही पाठवत नाही आणि अनंत काळ डांबूनही ठेवता, हे अनुच्छेद २१ मध्ये बसत नाही. ठेकेदाराने त्याची थकलेली मजुरी बुडवायची नाही, कारण घाम गाळला त्याचे पैसे पासपोर्ट पाहून ठरत नाहीत. तुम्ही अनामत रक्कम हिशेब करून परत करायची. लहान मुलं असतील तर त्यांची रवानगी कोठडीत करता येत नाही, बाल कल्याण समितीपुढे नेलं पाहिजे.

काही माणसं अशीही असतात की त्यांना मायदेशी पाठवलं तर तिथे जिवाला धोका असतो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे निर्णय सरकारच्या मर्जीवर आणि काही प्रमाणात धर्म-देश पाहून दिलेल्या सवलतींवर अवलंबून राहतो. रोहिंग्यांच्या बाबतीत २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त एवढंच सांगितलं, की ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवू नका. हे मला अपुरं वाटतं. याहून चांगलं काय होऊ शकतं ते पाहायला लांब जायला नको. मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी वसाहत आहे. हिवाळ्यात बेळगावात स्वेटर विकायला बसतात त्यांतले अनेकजण तिथलेच. प्रत्येकाकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि ते ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण करावं लागतं. सरकारला प्रत्येक माणूस माहीत आहे, म्हणून सरकारला धाक नाही आणि त्यांनाही. त्यांच्यापैकी १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले तर जन्मानेच नागरिक आहेत, हे २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मान्य केलं आणि पुढे कर्नाटक उच्च न्यायालयानेही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, खोली रिकामी करून घ्यावी का. कागद जुळत असतील तर मी घेणार नाही. कामगार क्यूआर स्कॅन करू देत नसतील, गावचा नंबर देत नसतील, दर महिन्याला खोलीतली माणसं बदलत असतील, तर नक्की घ्या, पण ते कारण तेवढंच ठेवा. करारात नोटिशीची मुदत असेल ती द्या, करार नसेल तर महिन्याच्या भाड्याला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस. कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढणं यातलं काही केलंत तर गुन्हा तुमच्यावर होईल, भाडेकरू कोणत्याही देशाचा असो. गल्लीतले लोक खोलीवर चालून आले तर त्यांना आत घेऊन 'तपासा' म्हणू नका. घर तपासायचा अधिकार त्यांना नाही. ११२ ला फोन करा आणि करार व पोच हाताशी ठेवा. आणि कामगारांना उचलून दुसऱ्या दिवशीही कोर्टापुढे आणलं नसेल, ठाणं दाद देत नसेल, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाडच्या खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करायला लावणारा अर्ज, दाखल करायचा. तो नातेवाईकानेच करायला हवा असं नाही, मित्र, ठेकेदार किंवा घरमालकही करू शकतो. त्यासाठी आधारच्या प्रती, भाडेकरार, ठाण्याची पोच आणि वर सांगितलेला तो ई-मेल घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीने निघा.